ठिपक्यांत आकडा दिसला नाही, आता पायलट विसरायचं का?

पायलट व्हायचं ठरवलेल्या मुलांचे आईवडील हल्ली हा प्रश्न बरेचदा आणतात. अशाच एका कुटुंबाची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

चष्म्याच्या दुकानात बारावीतल्या मुलाला इशिहाराच्या, म्हणजे रंगदृष्टी तपासणाऱ्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांवरचे आकडे वाचता आले नव्हते. वडिलांनी फ्लाइंग स्कूलच्या फीसाठी जमिनीचा तुकडा विकायला काढलेला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या भावालाही असंच आहे. माझ्याकडूनच आलं का हो, मॅडम?"

आधी तिच्याशी बोलले. लाल-हिरव्याची ही गफलत सहसा एक्स गुणसूत्रावरून येते आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. म्हणून मामाचं भाच्यात उतरलेलं दिसतं, मधल्या आईला मात्र सगळे रंग नीट दिसतात. यात तिने केलं असं काहीच नव्हतं.

मुलाचं वेगळंच. "तक्ते पाठ करतो ना, नेटवर सगळे आहेत." इथे मी कडक झाले. 2002 साली अमेरिकेत टॅलाहासीला फेडएक्सचं मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. विमानातले तिघेही वाचले, पण जखमी झाले. विमान योग्य उंचीवरून उतरतंय का हे दाखवणारे धावपट्टीजवळचे 'पापी' (PAPI) नावाचे दिवे चारही लाल दिसले की विमान फार खाली आलंय असं समजायचं. चौकशीत थकव्यासारख्या कारणांबरोबर सहवैमानिकाचा रंगदृष्टीदोषही नोंदला गेला. पाठ केलेले आकडे तिथे काय कामाचे?

पण दुकानातला निकाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तक्ते दिवसाच्या किंवा तशाच उजेडात दाखवायचे असतात. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाइलवर पाहिलेलं धरू नये. शिवाय तक्ते ही पहिली चाळणी. त्यात अडकलेल्याला लँटर्न चाचणीत, म्हणजे रंगीत दिवे दाखवून घेतल्या जाणाऱ्या चाचणीत, विमानवाहतुकीतल्या दिव्यांचे रंग चटकन आणि बिनचूक ओळखता आले, तर पात्र ठरवता येतं, असं आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा नियम सांगतो. रंगीत लेन्स लावून मात्र पास होता येत नाही. म्हणून वडिलांना एवढंच सांगितलं: आधी डीजीसीएच्या (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास टू वैद्यकीय प्रमाणपत्र, मग क्लास वन, आणि ते हातात आल्याशिवाय फीचा एक रुपया नाही. जमीन तर नाहीच.

पुढच्या तपासणीत दोष बराच निघाला, लँटर्नमध्येही रंग चुकले. वडिलांनी फोनवर विचारलं, "मग एटीसी तरी?" म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी. तिथेही रंगदृष्टीची अट आहेच. मुलगा काही आठवडे माझ्याशी बोलला नाही. नंतर एकटाच आला, एरोनॉटिकल इंजिनीअरिंगच्या कॉलेजांची यादी घेऊन. ती मात्र फारच लांबलचक होती. अर्धी आम्ही तिथेच खोडली.