कुत्र्याला घेऊन सह्याद्रीत एका दिवसाचा ट्रेक: दोरी, साप, बिबट्या आणि ऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नवरा-बायको, सोबत 3 वर्षांचा, 18 किलोचा गावठी कुत्रा. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी. हाक मारली की तो परत येतो, मग रानात मोकळा सोडला तर चालेल का, आणि साप किंवा बिबट्या समोर आला तर काय करायचं.

मोकळा सोडू नका, अजिबात. सोसायटीच्या आवारात हाकेला येणारा कुत्रा समोरून भेकर उडालं की ऐकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोकळा कुत्रा झाडीत शिरून जनावर उठवतो, आणि अंगाशी आलं की पळत तुमच्याकडेच येतो. पिल्लांची डुकरीण त्याच्या मागोमाग येते. तुम्ही दोघंच असता तर ती बाजूने निघून गेली असती.

दोरी 1.5 ते 2 मीटरची, साधी आणि जाड घ्या. आपोआप लांबणारी नको. ती करवंदीच्या जाळीत गुंतते आणि कुत्रा नेमका हवा तेव्हा जवळ खेचता येत नाही. दोरी हार्नेसला (छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्यांना) लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढून घेतो. हार्नेसच्या पाठीवर मूठ असेल असंच बघून घ्या. कातळाचा टप्पा आला की एक जण वर, एक खाली राहून त्या मुठीने त्याला उचलून घेता येतं. घसाऱ्यावर उतरताना मात्र दोरीचा फास मनगटात किंवा कमरेला अडकवू नका, मुठीत धरा. 18 किलोचा झटका बसला तर माणूस सरळ खाली जातो.

दोघं असण्याचा खरा फायदा चालण्याच्या क्रमात आहे. पुढचा फक्त काठी घेऊन पायाखालचा रस्ता तपासत चालतो, गवत वाटेवर झुकलेलं असेल तिथे काठी आपटत जातो. मागचा कुत्रा धरतो आणि त्याला पुढच्याच्या पायामागे ठेवतो. थकवा येण्याआधी, साधारण तासाभराने अदलाबदल करा.

आता कुठे जायचं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कुत्रा न्यायचा नाही. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे एकाच अभयारण्यात येतात; वासोटा कोयना अभयारण्यात; भीमाशंकर, ताम्हिणी, कर्नाळा हीसुद्धा अभयारण्यंच. ‘कोणी अडवत नाही’ हे कारण होत नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार रानातल्या मांसाहारी प्राण्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण (रेबीज, डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस आणि लेप्टो) पूर्ण असेल तरच बाकीच्या डोंगरांवरही न्या.

सुरुवातीला सासवडजवळचा मल्हारगड चांगला: चढ छोटा, अवघड टप्पा नाही. पण सावली नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच. कोराईगडाला पेठ शहापूरकडून पायऱ्या आहेत आणि वर फिरायला ऐसपैस पठार आहे. लोणावळ्याहून राजमाची म्हणजे कच्च्या रस्त्याची लांब चाल, पहिल्याच वेळी गडाखालच्या उढेवाडी गावापर्यंत जाऊन परत येण्याचा हट्ट करू नका. लोखंडी शिड्या आणि गर्दीचे गड सोडा. पायथ्याच्या गावात गाडीतून उतरण्याआधी दोरी लावलेली हवी, कारण गावातली आणि धनगरांची कुत्री लगेच अंगावर येतात. शेळ्या-मेंढ्या दिसल्या की थांबून आधी त्यांना जाऊ द्या. आणि गडावरच्या टाक्यात कुत्र्याला उतरवू नका. ते कुणाचं तरी प्यायचं पाणी असतं.

बिबट्याचं सांगायचं तर त्याला कुत्रा हे भक्ष्यच आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात कुत्र्याचाच वाटा सगळ्यांत मोठा निघाला. त्यामुळे उजाडल्यावरच चढायला लागा आणि उन्हं कलायच्या आत पायथ्याशी या. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात तर संध्याकाळी शेताच्या बांधाने चालूच नका. दिसलाच तर दोरी आखडून कुत्रा दोघांच्या मध्ये घ्या, खांद्याला खांदा लावून उभे राहा, मोठ्याने बोला. वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. फोटोसाठी फोन काढू नका, दोन्ही हात लागतात. गवा दिसला तर उलट: आवाज करू नका, त्याचा रस्ता मोकळा ठेवा आणि आल्या वाटेने लांब परत जा. भुंकणाऱ्या कुत्र्यावर गवा धावून येतो.

प्रत्यक्षात बिबट्यापेक्षा सापाचा धोका जास्त. फुरसं दगडाखाली किंवा कातळाच्या सड्यावर असतं, चाहूल लागली तरी हलत नाही, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर करतं. घोणस पाचोळ्यात दिसतच नाही, पण तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा ऐकू येतो. कुत्रा आधी नाक घालतो, म्हणून चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. आवाज आला की जागीच थांबा, दोरी सरळ मागे ओढा, मग बघा.

चावलाच तर त्याला एक पाऊलही चालवू नका. बॅगेत एक जाड चादर ठेवा. चारही कोपरे धरून दोघांना 18 किलो सहज उतरवता येतात. गळ्यातला पट्टा काढा, सूज चढते. आवळून बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं, यातलं काही करू नका. वेळ लिहून ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरचं माणसांचं प्रतिविषच कुत्र्यालाही देतात, पण प्रत्येक दवाखान्यात ते नसतं. म्हणून ट्रेकच्या आदल्या दिवशीच वाटेवरच्या दोन पशुवैद्यकांना फोन करून विचारा. हिरवा चापडा या विषारी सापाच्या चाव्यावर हे प्रतिविष चालत नाही. माणसाला चावला तर अवयव हलू न देता 108 ला फोन आणि थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय.

कड्याला आग्यामोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याखाली थांबायचं नाही. धूर नको, अत्तर नको, ड्रोन नको. माश्या उठल्या तर हात न झाडता चेहरा झाकून लांब निघा. कुत्र्याच्या अंगातली नांगी चिमटीत धरू नका, एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा. सुजेवरच्या गोळीचा त्याच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. स्वतःकडची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला कधीच नाही.

एवढं सगळं सांभाळूनही कुत्रे सर्वांत जास्त अडचणीत येतात ते उन्हाने. काळा कातळ 10 वाजताच तापतो. हाताचा पालथा पंजा 7 सेकंद टेकवता आला नाही तर तिथून परत फिरा. ऑक्टोबर आणि मार्च ते मे हे महिने सोडाच. तुमच्या कुत्र्यासाठी निदान 2 लिटर पाणी वेगळं, दर 20-25 मिनिटांनी थोडं थोडं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल अडखळली, की सावलीत आडवा करा. साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता आणि टोपीने वारा घाला. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. सावरला तरी त्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचंच.

घरी आल्यावर गोचिडी बघा: कानाच्या आतल्या घड्या, बोटांमधल्या फटी, काख, शेपटीचं मूळ. चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, काडीपेटी नको. गोचिडीतून आजार होऊ शकतो, म्हणून पुढचे तीन आठवडे भूक, ताप, हिरड्यांचा फिकेपणा आणि लघवीचा रंग यांवर लक्ष ठेवा. लघवी चहासारखी दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या.