दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गाडीने निघायचंय, हंगामातलं ताजं खायला-प्यायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की दिवाळीत चार-पाच दिवस स्वतःच्या गाडीने निघायचंय, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि दोन लहान मुलं, बाबांना शुगर, आणि नुसतं देवळं-किल्ले न करता शेतातून आत्ता निघालेलं काहीतरी खायचंय, हुरडा, वाइनरी, स्ट्रॉबेरी यातलं काय जमेल.

तर सरळ सांगतो, या तिन्हीतल्या कशाचाही हंगाम दिवाळीत नसतो. हुरडा रब्बी ज्वारीचा असतो आणि ती ज्वारी पेरतातच सप्टेंबर-ऑक्टोबरात, कणीस हुरड्याला यायला डिसेंबरची अखेर उजाडते. नाशिककडे वाइनची द्राक्षं तोडतात साधारण जानेवारी ते मार्च. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नोव्हेंबर संपता संपता दिसायला लागते आणि खरी चव त्याच्याही नंतर. त्यामुळे या तीन गोष्टी यादीतून काढा आणि मन छोटं करू नका, कारण दिवाळीचा काळ खरिपाचा आहे, भात, नाचणी, भुईमूग, घेवडा, सीताफळ सगळं एकदम घरात येतं आणि वर गुऱ्हाळं पेटतात. मी आजऱ्याकडचा, नोकरी पुण्यात, दिवाळीला गावी जायचा रस्ता ठरलेला, तोच तुम्हाला सांगतो: पुणे, सासवड, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी.

फक्त एक, दिवाळी कधी पडतेय ते बघा. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. दिवाळी लवकर आली की परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, भात शेतात उभं असतं, गुऱ्हाळंही एखाददुसरंच चालू. नोव्हेंबरात आली की सगळं जमून येतं. तारीख तुमच्या हातात असेल तर पाडव्यानंतर निघा, त्याचं कारण पुढे येईलच.

हायवेने सरळ साताऱ्याला जाऊ नका, हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला जा, आणि सकाळी लवकर जा. पुरंदरचं सीताफळ या दिवसात जोरात असतं, शेतकरी पहाटेच पाट्या भरून बाजारात आणतात. घेताना नुसता आकार बघू नका, फळाचे डोळे बघा, डोळ्यांमधल्या रेषा पिवळसर-पांढऱ्या होऊन उघडल्या असतील तर ते एक-दोन दिवसात पिकेल, घट्ट हिरवं असेल तर पिकायच्या आधीच काळं पडायची शक्यता जास्त. प्रवासासाठी थोडी आज खायची, थोडी परवाची अशी मिसळून मागा, विकणारे काका बरोबर निवडून देतात. ही गाडीत डिकीत दाबून ठेवायची वस्तू नाही, वर्तमानपत्र अंथरून मागच्या सीटखाली एका थरात ठेवा. पुरंदरचे अंजीरही प्रसिद्ध आहेत पण ते हिवाळा पुढे सरकल्यावर, आत्ता कुणी दिले तर चव घेऊन मगच घ्या.

तिथून जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असं करत साताऱ्यात उतरायचं. हा रस्ता हायवेपेक्षा वेळ खातो पण दोन्ही बाजूला सोयाबीनची मळणी चाललेली असते, कांद्याची रोपं, मक्याची कणसं वाळत घातलेली, मुलांना दाखवण्यासारखं खूप आहे. साताऱ्यात लोक कंदी पेढे घेतात, घ्याच, पण मी सांगेन की वाघ्या घेवडा घ्या. कोरेगाव बाजूला होतो, दाण्यावर लालसर पट्टे असतात, आणि नुकताच निघालेला नवा घेवडा भिजवून शिजवला की जुन्यापेक्षा निम्म्या वेळात मऊ होतो, आमटी अशी दाट होते की वाटण घालावं लागत नाही. तुमच्या बाबांसाठी तर हे उत्तम.

सातारा ते कऱ्हाड पट्ट्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा. रस्त्याकडेला पातेलं चुलीवर ठेवून मिठाच्या पाण्यात उकडून विकतात, गरम असतानाच खायच्या, गार झाल्या की मजा निम्मी. शेतात कुणी शेंगा तोडत बसलेलं दिसलं तर गाडी बाजूला घेऊन विचारायला हरकत नाही, बहुतेक वेळा पसाभर हातात देतातच, पण विकत घ्या हो, भाव न करता घ्या, त्या बायका सकाळपासून उन्हात वेलाच्या शेंगा तोडत बसलेल्या असतात.

आता कोल्हापूर. तांबडा-पांढरा, मिसळ हे बारा महिने आहे, त्यावर हजार लोकांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. दिवाळीत कोल्हापुरात बघायचं ते गुऱ्हाळ. पाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात, म्हणून म्हटलं पाडव्यानंतर या, तोपर्यंत करवीर, पन्हाळा तालुक्यात बऱ्याच गुऱ्हाळांच्या चिमण्यांमधून धूर दिसायला लागतो. पन्हाळा, जोतिबाच्या रस्त्याला लागलात की धूर आणि वास दोन्ही शोधत जा, वास आला की सापडलंच. काही ठिकाणी आता पर्यटकांसाठी तिकीट लावून दाखवतात, तेही वाईट नाही, पण शक्य असेल तर साधं चालू गुऱ्हाळ गाठा आणि आत जायच्या आधी विचारा.

आत काय होतं ते सांगतो म्हणजे मुलांना समजावता येईल. ऊस चरकातून पिळून रस मोठ्या काहिलीत जातो, काहिलीखाली चुलवाण, त्यात वाळवलेली चिपाडं जाळतात, म्हणजे उसाच्याच जाळावर उसाचा रस शिजतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. मग नुसतं उकळणं आणि लक्ष. १०५-१०६ डिग्रीच्या आसपास काकवी (गुळाआधीचा पातळ पाक) तयार होते, हवी असेल तर तेव्हाच काढून घेतात, पुढे ११८ च्या जवळ गेला की गूळ. पण गुळव्याला थर्मामीटर लागत नाही, तो पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी कशी होते ते बोटांनी बघतो, आणि त्याने हात वर केला की चार माणसं धावत काहील उतरवतात, दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली तर सगळी काहील बिघडते. तो क्षण बघण्यासाठी थांबाच, भले तासभर लागू दे. मुलांचा हात मात्र घट्ट धरा, काहिलीच्या जवळ अजिबात नाही, उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून बसतो.

खायचं काय? आधी चरकाचा ताजा रस, आलं-लिंबू घालून, बर्फ नको म्हणून सांगा. मग गरम गूळ, सोललेल्या उसाच्या कांडीला गुंडाळून देतात, वर भाजलेले शेंगदाणे, बस्स. गरम असताना तो गूळ चिक्कीच्या पाकासारखा ताणला जातो आणि त्याला धुराचा हलका वास असतो, घरी आणलेल्या ढेपेला तो वास येत नाही. काकवी भाकरीबरोबर, वर तूप. काकवी घरी न्यायची असेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा पुण्यातूनच घेऊन या.

विकत घेताना पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग यावा म्हणून बऱ्याचदा हायड्रॉस पावडर टाकतात, काही ठिकाणी साखरही मिसळतात, आणि याला कारण आपणच गिऱ्हाईक, कारण आपल्याला काळपट गूळ नको असतो. मला याचं फार वाईट वाटतं, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तरी चांगला गूळ करणाऱ्याला रंगामुळे भाव कमी मिळतो. तुम्ही तपकिरी मागा, जरा जास्त पैसे द्या. एक टन उसातून शंभर-सव्वाशे किलोच गूळ निघतो, स्वस्त मिळणं शक्यच नाही.

एक गोष्ट गाडी चालवणाऱ्यांसाठी. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात चालू होतो, मग रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. रात्री त्यांना मागे लाइट नसतो, रिफ्लेक्टरही धुळीने झाकलेला, ऊस बाहेर आलेला असतो तो दिसतसुद्धा नाही. अंधार पडल्यावर या भागात गाडी चालवूच नका, मुक्कामाला साडेसहाच्या आत पोचा. आणि ऊसदराचं आंदोलन त्याच सुमारास असतं, सकाळी पेपर बघून निघा, रस्ता अडला असेल तर वाद न घालता चहा प्या.

कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर करत आजरा. (निपाणी कर्नाटकात आहे पण बोलायला बहुतेक मराठीच, काळजी नको.) इथे आजरा घनसाळ. हा वासाचा तांदूळ, दाण्याने आखूड, उशिरा तयार होतो म्हणून कापणी नोव्हेंबरात सरकते. २०१६ ला यालाही मानांकन मिळालंय आणि तेव्हापासून नावावर दुसराच तांदूळ विकणारेही वाढलेत, त्यामुळे रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा गावात जाऊन शेतकऱ्याच्या घरातून किंवा शेतकरी गटाकडून घ्या. खळ्यावर मळणी चालू असेल तर तिथेच विचारा, कोणीतरी मामा म्हणतीलच की घरी चला. नवा तांदूळ पाणी कमी पितो, नेहमीच्या मापाने पाणी घातलं तर गिचका होतो, पण तो चिकट भात, त्यावर घरचं तूप आणि आमटी, यासाठी आम्ही वर्षभर थांबतो. पुलावाला नवा तांदूळ वापरू नका, सहा महिने ठेवा मग करा.

आजरा सोडला की आंबोलीपर्यंत उतारांवर नाचणी, कणसं खुडायची वेळ. एखाद्या खानावळीत नाचणीची भाकरी आणि आंबील सांगून ठेवा, आंबील ताक घालून पातळ, वर जिरं, लसूण. आई-बाबांना घाटात मळमळ होत असेल तर आंबील पोटाला बरी पडते. घाट सकाळी दहानंतर उतरा, त्याआधी धुकं असतं.

खाली सावंतवाडी-कुडाळ, आणि इथे खाणं परत बदलतं. सिंधुदुर्गात दिवाळीचा पहिला दिवस म्हणजे चावदिस, नरक चतुर्दशी, त्या दिवशी फराळाच्या आधी पोहे. नव्या भाताचे, भात भिजवून, भाजून, कांडून केलेले, पूर्वी व्हायनात (उखळात) मुसळाने कांडायचे, आता बहुतेक गिरणीत. घरात एकाच वेळी गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, दूधपोहे, दह्यातले, तिखट, बटाट्याचे असे प्रकार आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, आणि शेजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात. तुम्ही पाडव्यानंतर पोचणार म्हणजे तो दिवस चुकेल, पण पोहे बाजारात असतात, जाडसर, लालसर, गावठी पोहे म्हणून मागा. होमस्टेला राहिलात तर काकींना आदल्या दिवशी सांगा, गोडे पोहे आणि उसळ आनंदाने करतात. सकाळी उकड्या तांदळाची पेजही सांगा, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा लोणचं.

तवसं मिळालं तर तवसळी करायला सांगा. तवसं म्हणजे पावसाळ्यानंतर पिकून पिवळी झालेली मोठी काकडी, ती किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजतात. मासे खाणारे असाल तर ताजा बांगडा, या दिवसात भरलेला असतो, तिरफळ घातलेलं कालवण. कोकम, काजू, आंबा हे सगळं उन्हाळ्याचं आहे, आत्ता जे दिसेल ते साठवणीतलं.

बाबांच्या शुगरचं: गुऱ्हाळावर रस आणि गूळ दोन्ही देऊ नका, एकच काहीतरी चवीपुरतं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. सीताफळही गोडच. घेवडा, नाचणी, शेंगा, मासे यावर त्यांचं पोट आणि मन दोन्ही भरेल.

येताना आंबोलीनेच परत येण्यापेक्षा कणकवलीवरून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठा, जंगलाचा रस्ता आहे, सुंदर आहे, पण पेट्रोल कणकवलीत भरून घ्या. गूळ, काकवी अशी जड खरेदी या परतीच्या फेरीत करा, जाताना नको, नाहीतर पाच दिवस उन्हात गाडीत ठेवलेला गूळ पाझरतो. आणि मुक्काम आत्ताच बुक करा, दिवाळीनंतरचा तो आठवडा अख्खं पुणे-मुंबई कोकणात असतं.