वेळ ठरली की बिघाड दिसतो

प्रिय बाय,

पिल्लू घरी आणल्याचं तुझ्या आईकडून कळलं. गावठी, तांबूस, तीन महिन्यांचं. नाव अजून ठरत नाही म्हणालीस. ते सावकाश ठरव. जेवणाची वेळ मात्र आजच ठरव.

तू सकाळी पणजीला कामावर जातेस, बाबा दुकानात, आई घरी. पिल्लू गोड आहे, त्यामुळे येता-जाता प्रत्येकजण त्याच्यापुढे काहीतरी टाकणार. संध्याकाळी ते जेवलं नाही तर कुणालाच कळणार नाही की पोट भरलंय म्हणून जेवलं नाही की दुखतंय म्हणून. माझं आयुष्य गुरा-कुत्र्यांच्या दवाखान्यात गेलं. आजारी कुत्रा टेबलावर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'नीट कधी जेवला होता?' ज्या घरात वेळा पाळलेल्या असत, तिथलं माणूस सांगायचं, 'काल सकाळी ताट चाटून पुसून खाल्लं, रात्री अर्धं टाकलं, आज वासही घेतला नाही.' एवढ्यावर माझं निम्मं काम व्हायचं. बाकीच्या घरांतून उत्तर यायचं, 'दोन-चार दिवस जरा मंदच आहे.' त्या दोन-चार दिवसांत गोचीडताप, म्हणजे गोचीड चावून येणारा आजार, अंगात मुरलेला असतो.

दिनक्रम म्हटलं की लोकांना शिस्त आठवते. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की मुक्या जनावराचं दुखणं तुझ्यापर्यंत पोचायला त्याच्याकडे दुसरी वाट नाही. अंगाला हात लावून ताप कळत नाही, कारण निरोगी कुत्र्याचंच तापमान 38.3 ते 39.2 सेल्सिअस असतं आणि ते आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं. कळतं ते रोजच्यापेक्षा वेगळं काही झालं म्हणून. दाराशी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की उठून धावणारं पिल्लू एके दिवशी उठत नाही. रोज सकाळी बांधून होणारी शी पातळ होते. पाण्याचं भांडं दुपारीच रिकामं होतं. रोजचं काय ते ठाऊक असेल तरच हे डोळ्यांत भरेल.

आता वेळांचं सांगतो. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं दे, चौथ्या महिन्यानंतर तीन वेळा, सहा महिने झाले की सकाळ-संध्याकाळ दोनदा पुरे. ताट ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, संपलं असो वा नसो. बलकावावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, दिवसभर उघडं अन्न ठेवू नकोस. त्यावर उंदीर येतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार पसरतो, जो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. पावसात शेताच्या बांधावर साचलेल्या पाण्यात त्याला तोंड घालू देऊ नकोस, ते याचसाठी.

हुमणभात, म्हणजे आपली माशाची आमटी-भात, नको. त्यातला कांदा, लसूण, मीठ, तिखट काहीच त्याच्या कामाचं नाही. काटे काढलेली नुसती उकडलेली मासळी आणि मऊ भात चालेल. शिजलेलं कोंबडीचं हाड कधीच देऊ नकोस. ते चिरफाळतं आणि आतडं फाडतं.

जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर, एकाच जागी ने. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून वीस-तीस मिनिटांत त्याला जावंसं वाटतंच. या वयाचं पिल्लू दिवसा तीन-चार तासांवर थांबवू शकत नाही, तेव्हा घरात झालं तर ओरडण्याची गरज नाही, तुमची फेरी उशिरा झाली एवढंच. तू कामावर असताना दुपारच्या फेऱ्या आई करणार असेल, तर तिच्याशी आधी नीट बोलून घे. सगळं तिच्यावर पडलं की महिन्याभरात ती थकेल.

फिरायला सूर्य वर यायच्या आधी आणि उतरल्यानंतर. मार्च-एप्रिल-मे मध्ये डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघ. तुला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात संध्याकाळी टॉर्च घेऊन जा, गवतात साप असतात. परतल्यावर त्याच जागी बसवून कानामागे, मानेखाली, पंजांच्या बोटांत गोचीड शोधायचे. रोज, न चुकता. हे एक काम असं आहे की ज्यात मी कुणालाच सूट देत नाही. हिरड्या फिकट दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा सलग दोन जेवणं टाकली, तर वाट न बघता डॉक्टरकडे ने. माणसांची तापाची गोळी देऊ नकोस, कुत्र्याचं यकृत ती झेपवू शकत नाही.

रविवारी तू उशिरा उठतेस हे मला माहीत आहे. पिल्लाला रविवार कळत नाही. वेळ बदलायचीच असेल तर रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकव. अर्धा तास इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नाही, त्यामुळे घड्याळाची धास्ती घेऊ नकोस.

लसीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिही. रेबीजची पहिली लस याच वयात देतात. गोव्यात 2013 पासून रेबीजविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम चालू आहे, पण आपल्या पिल्लाचं लसीकरण आपणच करायचं असतं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली आहे. घरात पाहुणे, फटाके, लाडू. लाडवातल्या मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून येणाऱ्या मुलांना दारातच सांग. त्या दिवसांत जेवण आणि फेरी ठरल्या वेळीच ठेव, फक्त फटाके सुरू व्हायच्या आधी फिरवून आण. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री पहाटेपर्यंत ढोल आणि गाणी चालतील. त्यासाठी आतली खोली आत्तापासूनच त्याची झोपायची जागा करून ठेव, म्हणजे त्या रात्री तिथे न्यायला ओढावं लागणार नाही.

एक वही कर. जेवण, शी, पाणी, गोचीड, एवढं रोज दोन ओळींत. आईलाही लिहू दे, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. पुढच्या आठवड्यात पिल्लाला घेऊन येशील तेव्हा ती वही बरोबर आण.

तुझा,
डॉक्टरकाका