कॉम्प्युटर अर्ध्या तासात तापून बंद पडतो. आतली धूळ घरीच कशी काढू?

बंद पडतो आणि थोडं थांबलं की पुन्हा चालू होतो, म्हणजे बहुतेक प्रोसेसरच तापतोय. माझं वेंगुर्ल्यात डीटीपीचं दुकान आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा मी ही सफाई करतो.

व्हिडिओत दाखवतात तशी धूळ भुर्रकन उडेल, ही आशा आपल्याकडे सोडा. घाटावरची धूळ कोरडी असते. आपली खारट, त्यामुळे हवेतला दमटपणा ओढून घेते. त्यात जांभ्याची लाल माती आणि सकाळ-संध्याकाळचा उदबत्तीचा धूर. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत याचा चक्क नमदा जमतो. फॅन बोंबलत फिरत राहतो, पण हवा काही पलीकडे जात नाही.

आणि हो, सीपीयू (म्हणजे कॉम्प्युटरचा अख्खा डबा) पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका. मी नेला होता. टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर बोर्डावर उडालं आणि मदरबोर्ड गेला.

आधी प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सीपीयू खळ्यात किंवा पडवीत न्या, नाहीतर सगळी धूळ घरात. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. रंगाचा एक इंची नवा मऊ ब्रश घेऊन धूळ सुटी करा, मागून हाताचा ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. तो हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

नमदा निघाला नाही तर हीटसिंक काढावाच लागतो. एएमडी कंपनीच्या, खाली पिना असलेल्या जुन्या प्रोसेसरचा असेल, तर आधी मशीन दहा मिनिटं चालवा, मग बंद करून, प्लग काढून, हीटसिंक हळू पिळत उचला. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकलेली असेल तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो! फॅन सोडवून नुसता हीटसिंक पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी लावा. जुन्याच पेस्टवर परत बसवू नका. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासून घ्या.

एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. जाळीतून बाहेरूनच फुंका.

कॅबिनेटच्या मागच्या स्लॉटची (कार्ड बसवायच्या फटीची) पट्टी हरवली असेल तर तिथे काहीतरी लावा. माझ्या एका मशीनमध्ये पालीची अंडी निघाली होती.

पावसात काम नसलं तरी रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा, आतला दमटपणा उबेने सुकतो.

सगळं जोडल्यावर कोअर टेम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. काही काम न करता ४०-५० अंश असेल तर जमलं. चालू केल्याकेल्या ९० च्या वर गेलं तर लगेच बंद करा, बहुतेक हीटसिंकची एखादी पिन नीट बसलेली नाही.