कांद्याची निर्यातबंदी झाली की बांगलादेशात चीनचं फावतं का?

साक्री-पिंपळनेरचा कांदा बांगलादेशात जातो, मग आपण तो अडवला की तिथे चीनचं फावतं का, असा तुमचा प्रश्न आहे, भाऊ.

थेट नाही. चीनचं वजन कांद्यावर नाही. बांगलादेशची सगळ्यात मोठी आयात चीनमधून, बहुतेक शस्त्रंही तिथलीच. आपलं वजन पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरून रोज जाणाऱ्या मालात. तो वेळेवर पोचतो, तोवरच ते टिकतं.

आणि तेच आपण घालवलं. २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३ : तीन वेळा अचानक बंदी. २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी दिल्लीत येऊन, आचाऱ्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, असं हसत सुनावलं होतं. तिसऱ्या बंदीत ५० हजार टन बांगलादेशला सोडला. मैत्री होती, पण कोट्यातली! मधल्या काळात ढाक्याने इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, पाकिस्तान अशी दारं शोधली, घरची लागवड वाढवली. १ एप्रिल २०२५ ला आपलं २० टक्के निर्यातशुल्क उठलं खरं, पण तुटलेलं गिऱ्हाईक तेवढ्याने परत येत नाही.

खरी चढाओढ कर्जात आहे. भारताने २०१० पासून तीन हप्त्यांत ७ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज कबूल केलं, पण पैसा सुटतो सावकाश. साधारण ७५ टक्के माल भारतातूनच घ्यायचा, टप्प्याटप्प्याला एक्झिम बँकेची (आपली सरकारी निर्यात-आयात बँक) मान्यता, त्यात तिकडचं रखडणारं भूसंपादन. चीनचं कर्जही फुकट नसतं, ठेकेदारही त्यांचाच. पण काम उभं राहतं. चिनी कर्जातला, चितगावचा कर्णफुली नदीखालचा बोगदा २०२३ मध्ये सुरू झाला. उलट आपला तीस्ता पाणीवाटप करार २०११ पासून पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडलाय, आणि त्याच नदीच्या कामात चीन रस घेऊन बसलाय.

कापूसवाल्यांनी तर कांद्याहून हे जास्त बघावं. एप्रिल २०२५ मध्ये ढाक्याने जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत घेणं बंद केलं. १७ मे रोजी आपण त्यांचे तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांपुरते ठेवले. सूत अडलं की गिरणी हात आखडते, मग जिनिंगवाला.

चाळीतला कांदा काढताना दिल्लीची अधिसूचना बघता, तसे ढाक्याचे आयात परवानेही बघा. त्यांचं मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघतं, तेव्हा ते हात आखडता घेतात.