पहिल्या पावसात आंबोलीला येतेयस म्हणून

अगं, तुझा मेल वाचला, बेडकांच्या प्रोजेक्टला घेतलं तुला, फार बरं वाटलं. तू कॅमेरा कुठला घेऊ विचारलंयस, पण त्याच्या आधी तारखांचं बोलू. परीक्षा, गावची लग्नं सगळं आटपून जूनच्या शेवटी येते असं लिहिलंयस, ते नाही चालणार. आंबोली टोड हा बेडूक जगात फक्त इथं आणि आसपासच्या थोड्याशा भागात आहे, २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिले पाऊस झाले की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जी उथळ डबकी साठतात त्यात तो अंडी घालतो, मधेच पावसानं दडी मारून ऊन पडलं की डबकं आटतं आणि अंडी तिथंच वाळून जातात. ते बघायचं, मोजायचं तर वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आधीच तू इथं हवीस. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण आपल्या कामाचे ते सुरुवातीचे थोडेच दिवस असतात.

आता मुख्य गोष्ट. ठरलेल्या प्लॉटवर, म्हणजे आखून घेतलेल्या तुकड्यावर, ठरलेल्या वेळेला, तेवढीच माणसं घेऊन, तेवढाच वेळ शोधायचं, मग काही मिळो न मिळो. धो धो पावसात रात्री दोन तास फिरून एक बेडूक दिसत नाही तेव्हा नवी मुलं शीट कोरी सोडतात, किंवा शेजारच्या ओढ्यावर आवाज येतोय म्हणून तिकडे जातात आणि तिथले बेडूक या प्लॉटमधे लिहितात. असं कधीच करू नकोस. शून्य लिही, वेळ लिही, तापमान, पाऊस किती होता, शोधायला कोण होतं सगळं लिही, पेन्सिलनं, शाई वाहून जाते. दहा वर्षांनी कुणीतरी विचारेल की इथले टोड कमी झाले का, तेव्हा उत्तर त्या शून्यांवरच ठरणार आहे, तुझ्या सुंदर फोटोंवर नाही.

फोटोवरून आठवलं, चांगल्या फोटोसाठी बेडूक उचलून हिरव्या पानावर ठेवणारे लोक तुला भेटतील, त्यांच्यात जाऊ नकोस, आणि नेमकं लोकेशन इन्स्टावर तर अजिबात टाकू नकोस. हाताला डासांचं क्रीम असेल तर बेडकाला हात लावायचाच नाही, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. एका साइटवरून दुसऱ्या साइटला जाताना गमबूट घासून, ब्लीचच्या पाण्यानं धुवून वाळवायचे, बेडकांचा कायट्रिड बुरशीचा रोग बुटांच्या चिखलातूनही पसरू शकतो. कंटाळा येतो, तरी करायचं.

गावात आधी दिवसाउजेडी फिरून ये. रात्री कुणाच्या शेताच्या कडेला टॉर्च घेऊन वाकून फिरणारी मुलं बघितली की लोकांना चोरच वाटणार ना, म्हणून पोलीस पाटलांना सांग, बांधावरच्या काका-मामींना सांग. मामी विचारतील, "काय शोधतंस गो?" तर नीट बसून सांग, चहा घे. कुठलं डबकं आधी भरतं, कुठला ओढा आता पूर्वीसारखा वाहत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि त्यांनी सांगितलेलं वहीत त्यांच्याच शब्दात उतरव.

एकटीनं जायचं नाही, कितीही ओळखीची वाट असली तरी. चापडा हा विषारी साप बरेचदा आपल्या हाताच्या उंचीच्या फांदीवर बसलेला असतो, त्यामुळे फांदी धरायच्या आधी टॉर्च मार. ओला जांभा भयंकर निसरडा असतो, पळू नकोस. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे ते पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारून ये. पायाला जखम असेल तर लेप्टोचं (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचं) डॉक्टरांशी आधीच बोल.

हेडलॅम्प दोन आण, कॅमेरा जो आहे तोच पुरे. सावंतवाडीहून एसटी मिळेल, उतरलीस की आधी फॉरेस्ट ऑफिसात परमिटची कॉपी दे आणि मग मला फोन कर, सड्यावर आपण बरोबरच जाऊ.