गाणे सुरू, दिवे मंद : अल्टरनेटर किती अँपिअरचा घ्यावा?

प्रश्न : माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये १,००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास डी अँप (अँप्लिफायर) आणि १२ इंची सबवूफर (बासचा स्पीकर) आहे. रात्री एसी चालू असताना सिग्नलला थांबलो की बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. मूळ अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) ७५ अँपिअरचा आहे. दुकानदार एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग) बसवायला सांगतो, ऑटो इलेक्ट्रिशियन २०० अँपिअरचा अल्टरनेटर. एवढ्या मोठ्या अल्टरनेटरने गाडीतील इतर उपकरणे जळणार तर नाहीत ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जळणार नाहीत. अल्टरनेटर करंट ढकलत नाही. जोडलेली उपकरणे जेवढा ओढतात तेवढाच तो देतो आणि त्याचा रेग्युलेटर व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवतो. मात्र २०० या आकड्याने भुलून जाऊ नये, कारण तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेत असतानाचा असतो. सिग्नलला इंजिन ७५०-८०० फेऱ्यांवर असते, पुलीच्या प्रमाणामुळे अल्टरनेटर जेमतेम २,००० फेरे घेतो आणि बहुतेक अल्टरनेटर तेव्हा नोंदलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच करंट देतात. आपली अडचण नेमकी तिथलीच आहे.

अँपची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर पूर्ण आवाजात तो सुमारे १०० अँपिअर ओढेल. संगीत सलग कमाल पातळीवर वाजत नसल्याने सरासरी ३५ अँपिअर धरावी. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंधनपंप यांचे आणखी ४५. म्हणजे गरज ८० ची आणि सिग्नलला मिळतात ४० च्या आतबाहेर. उरलेला भार बॅटरीवर पडतो. कपॅसिटरने हे भागत नाही : व्होल्टेज १४ वरून १२.५ वर येईपर्यंत एक फॅरडमधून साधारण २० ज्यूल मिळतात, जे या अँपला सेकंदाचा पन्नासावा भागही पुरत नाहीत.

तरीही खरेदीपूर्वी मल्टिमीटर लावावा. गाणे मोठ्याने चालू ठेवून बॅटरीच्या आणि अँपच्या टर्मिनलवर एकाच वेळी मोजावे. बॅटरीवर १३.८ आणि अँपवर १३ दिसले, तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास खपवली जाते. तिची वाहकता शुद्ध तांब्यापेक्षा बरीच कमी असते. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायरी जाड तांब्याच्या करून घ्याव्यात आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज बसवावा. अल्टरनेटर बदलला, तरी हे काम टळत नाही.

बॅटरीवरच आयडलिंगला (गाडी थांबलेली, इंजिन चालू) व्होल्टेज १२.६ च्या खाली जात असेल आणि इंजिन २,००० फेऱ्यांवर नेताच सावरत असेल, तरच अल्टरनेटर बदलावा. माझ्या मते आपल्याला २०० ची गरज नाही. आयडलिंगला निदान ८० अँपिअर देणारा १५० चा पुरेल. विक्रेत्याकडून आयडलिंगचा आकडा लेखी मागावा, तो देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. छोटी पुली लावून आयडलिंगचा करंट वाढवण्याचा स्वस्त उपाय सुचवला जातो; पण हायवेवर अल्टरनेटर मर्यादेबाहेर फिरतो आणि बेल्टही घसरू लागतो. गाडीचे चार्जिंग ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) ताब्यात असेल, किंवा स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारे आणि वीजही देणारे एकच यंत्र) असलेली माइल्ड हायब्रिड गाडी असेल, तर बाहेरचा अल्टरनेटर थेट जोडता येत नाही. तेव्हा आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपले मॉडेल विक्रेत्याला अवश्य सांगावे.